पूल निकामी

दुपारी साखर पेठेत भावाच्या कारखान्यात बसतो,
कोनांच्या पोत्यावर.
हवाई दलातून सुटून एकवीस वर्षं झाली.
काम काय माझं? फोटो बघणं.
विमानं परतली की ओलेच यायचे टेबलावर,
भिंगाखाली धरायचे.

एका पुलाला मी तीनदा मारलं.
म्हणजे तीनदा लिहिलं : पूल निकामी.
चौथ्या दिवशी फोटोत पुन्हा ट्रकच्या सावल्या,
पिंपांवर फळ्या टाकलेल्या,
काठावर दोरीला कुणाचे कपडे वाळत.

साहेब म्हणाले, परिणाम किती लिहू, यमुल?
टन किती पडले ते होतं माझ्याकडे.
समोरच्याचं मन किती वाकलं
ते भिंगात येत नाही.
शिवाय नकाशावर ती लाल रेघ,
तिच्यापलीकडे जायचं नाही, वरून हुकूम.
गोदामं सगळी पलीकडेच.

इथं ताण्याचा धागा तुटतो.
पोशम्मा लूम थांबवते,
दोन टोकं चिमटीत, जराशी थुंकी, गाठ.
खडखडाट सुरू.
दिवसाला किती तुटतात गं?
ती लूमच्या आवाजावरून ओरडते,
मोजत बसले तर चादर कधी व्हायची?

परवा पुतण्या टीव्हीसमोर.
कुठलंसं शहर जळत होतं, वरून घेतलेलं.
आता तर गुडघे टेकतील ना, काका?
मी चष्मा पुसला. सवयच ती.
धुराच्या खाली, डाव्या कोपऱ्यात,
कुणीतरी हातगाडी ढकलत चाललं होतं.