शेंडा

हॅलिफॅक्सच्या चढावर, रेल्वेपुलाच्या कमानीखाली
क्लिफर्ड अक्रॉइडचं दुरुस्तीचं दुकान.
आत सोल्डरचा वास, आणि फ्लास्कमधला चहा
जो सकाळी दहालाच कडू होऊन बसलेला.

माझा पंधरा वॅटचा अँप्लिफायर त्याने उघडला,
नाकाशी धरला, म्हणाला,
"फार राबवलंस याला."

राबवलंच.
अठ्ठावीस वर्षं मी इथल्या गालिच्यांच्या गिरणीत,
त्याआधी इचलकरंजीत, वडिलांच्या चार मागांवर.
खटखट कानात बिऱ्हाड करून राहिली.
घरी आल्यावर हळू काही ऐकूच यायचं नाही.
मग बटण उजवीकडे, अजून उजवीकडे,
शेजारच्या मिसेस होल्ड्सवर्थ
भिंतीवर चमचा वाजवेपर्यंत.

क्लिफर्डने पाकिटाच्या पाठीवर एक लाट काढली,
गोल माथ्याची, मागच्या टेकडीसारखी.
मग पट्टी ठेवली आणि माथा सरळ उडवला.
"ताकद संपली की हा असं करतो.
गाणं थांबवत नाही. शेंडा छाटतो.
छाटलेली कड चरचरते,
आणि लोक म्हणतात, रेकॉर्डिंगच वाईट."

मी विचारलं, तीस वॅटचा घेतला तर दुप्पट मोठं वाजेल?
तो हसला.
दुप्पट वॅट म्हणजे कानाला जेमतेम एका पायरीचा चढ.
रोजचं ऐकणं एका वॅटवर भागतं, कधी अर्ध्यावर.
बाकीचे बसून असतात.
माळ्यावरच्या पंगतीच्या पातेल्यासारखे,
हे मी मनात म्हटलं.
त्याला पंगत कुठून समजावणार.

दीडशे वॅटचा घेतला, वापरलेला,
चढावरून घरी नेताना पाठीत उसण भरली.
लावला, तर पहिल्यांदा काहीच झालं नाही.
म्हणजे मोठं काही झालं नाही.
तंबोऱ्याच्या तारांमध्ये थोडी जागा झाली,
कोणी उठून खुर्ची सरकवून द्यावी तशी.

मग कुमुदची कॅसेट.
अठ्ठ्याहत्तर साल, सूतगिरणीचं आवार,
माझी धाकटी बहीण, वय एकोणीस.
तिने मोठ्या हौसेने पाठवलेली,
आणि मी निळ्या एरोग्रॅमवर कळवलेलं:
तार षड्जाला तुझा आवाज फाटतो. बघ जरा.
तिचं उत्तर आलं. त्यात "बरं" होतं.
पुढच्या पत्रांत सुताचे भाव,
सासूचं मोतीबिंदू, मुलाची मुंज.
गाण्याचं मी विचारलं नाही, तिने लिहिलं नाही.

बटण पूर्वी जिथे असायचं तिथेच नेलं.
मिसेस होल्ड्सवर्थ जाऊन चार वर्षं झाली,
भिंत गप्प होती.
तार षड्ज आला.
आला आणि उभा राहिला.
अख्खा. गोल. मागे कोणीतरी खोकलं,
एका पोराची बांगडी वाजली,
तो हलला नाही.
अकरा सेकंद. तीनदा मोजले,
तिसऱ्यांदा बोटांवर,
कारण घड्याळ दिसत नव्हतं.

तिकडे रात्रीचे साडेबारा.
"कोण गेलं?" तिने पहिलं तेच विचारलं.
कोणी नाही, म्हटलं. नवा अँप्लिफायर आणलाय.
"किती वॅटचा?"
दीडशे.
"घरात?"
मग मी ते पत्राचं काढलं,
जसं जमेल तसं, माथा, पट्टी, पंधरा वॅट,
तुझा नव्हता गं तो, माझ्या डब्याचा दोष होता.

पलीकडे बराच वेळ खटखट,
ओळखीची, रात्रपाळीची.
"ऐकू येत नाही रे," कुमुद म्हणाली,
"मोठ्याने बोल. माग चालू आहेत."