कुंपणापलीकडून

दारावर लाल फुली होती, म्हणून मी आत गेलो नाही.
कुंपणाच्या अलीकडे, पालथ्या पिंपावर कागद टेकवून
उभा राहिलो. लिंकनशरचा वारा, सोळाशे एकतीसचा जुलै.
सोबत साक्षीला लोहार ऑस्विन
आणि मेंढ्या राखणारा टोबायस,
दोघांच्या तोंडावर व्हिनेगरात बुडवलेली फडकी.

वरच्या खिडकीत गर्व्हेस ऑटबी आला.
आला म्हणजे कुणीतरी काखेत धरून आणला.
'शरीराने आजारी, बुद्धीने शाबूत'
हे मी घरूनच लिहून नेलं होतं.
आत्मा देवाला, देह चर्चच्या आवारातल्या मातीला,
तेही.
बाकी कागद कोरा.

तो ओरडून सांगत होता, वारा मधेच घास घेत होता.
थोरल्या हम्फ्रीला घर, नांगर, दलदलीकडची सात एकर.
धाकट्या मार्मड्यूकला एक शिलिंग.
'एकच?' मी ओरडलो.
'एकच. का ते त्याला ठाऊक आहे.'
थॉमसिनला पितळी हंडा आणि करडी गाय,
गाय व्याली तर वासरू तिच्या मुलाला,
मुलगा झालाच तर.
बायकोला, ऑडरीला, चुलीची डावी बाजू,
विहिरीपर्यंतची वाट,
परसातल्या एका झाडाची सफरचंदं,
जोवर ती ऑटबी हे नाव लावते तोवर.

तीस वर्षं जिने ती चूल पेटवली
तिला त्या चुलीशी बसायची मुभा.
मी लिहिलं. माझं काम लिहायचं.

मग तो थांबला. खोकला. म्हणाला,
'आणि मधमाश्या तिला.'

कोणाला?
कुंपणाशी ऑडरी होती, थॉमसिन होती,
फुली रंगवायच्या आदल्या रात्री
दोघी मावशीकडे निघून आलेल्या.
आणि आत, त्याच्या काखेला खांदा देऊन,
ग्रिझल. दूध काढायला ठेवलेली पोर.
ती कुठेच गेली नव्हती.

'कोणाला?' मी पुन्हा ओरडलो. खिडकी मिटली होती.

लोहार म्हणाला, बायकोला.
टोबायस म्हणाला, लेकीला, आणखी कोणाला.
ऑडरीने आमच्याकडे पाहिलंच नाही.
ती खिडकीकडे बघत राहिली,
आणि मला वाटतं, तिला कळलं होतं.

ती ओळ मी लिहिली नाही.
ऑस्विनने सहीपुरता नाल काढला, टोबायसने कातर.
कागद धुरावर धरला.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
पानगळीत आम्ही चौघांनी ऑटबीच्या घरचे मोजले,
कोर्टाला यादी हवी होती.
बिछाना एक, जाळलेला.
लाकडी चमचे टोपलीभर, सहा पेन्स.
शेवटी, रिवाजाप्रमाणे,
'जुनं लोखंड आणि विसरलेल्या इतर वस्तू, दोन शिलिंग.'
परसात गवताने विणलेल्या चार टोपल्या गुणगुणत होत्या.
त्यांची किंमत कोणी बोलेना.
मीही नाही.

आमच्याकडे धनी गेला की माश्यांना सांगावं लागतं,
नव्या धन्याने, दाराच्या किल्लीने टोपली ठोकून.
नाही सांगितलं तर त्या रुसतात.
त्या संध्याकाळी ग्रिझल परसात गेली.
किल्ली तिच्याकडे कुठली असणार?
बोटाच्या पेराने ठोकलं, एकेका टोपलीवर,
वाकून काहीतरी म्हणाली.
दरवेळी थोडं जास्तच वेळ.

मे महिन्यात टोपल्या रिकाम्या होत्या.
ग्रिझलही नव्हती.
थॉमसिन म्हणाली, बरं झालं. ऑडरी काही म्हणाली नाही.

आता माझी पाळी. भाचा लिहून घेतोय,
अक्षर बरं आहे त्याचं, घाई फार.
दौत त्याला, चाकू त्याला,
गरिबांच्या पेटीत तीन शिलिंग.
'आणि चार मधाच्या टोपल्या ग्रिझलला,
जिथे असेल तिथे.'
तो बोरू उचलून बघतो. 'आपल्याकडे टोपल्या नाहीत, मामा.
आपलं नाही ते कसं देणार?'
बरोबर आहे त्याचं.
'खोड मग,' म्हटलं.
तो खोडायला वाकला, तसा म्हटलं,
'थांब. आधी शाई वाळू दे.'