उलटी बाजू

"मावशी, बघा ना, खरी आहे की डुप्लिकेट?"
ओजसने जीन्स टेबलावर टाकली.
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
जिन्याखाली माझं अल्टरेशन.

मी आधी उलटी करते.
सुलट बाजू काय, सगळेच इस्त्री करून आणतात.

रिव्हेट खरवडलं,
तांब्याचा रंग नखात आला.
लेबलावर एक अक्षर जास्तीचं.
सांगणारच होते,
तेवढ्यात खिशाच्या कोपऱ्यात तो टाका दिसला:
नारिंगी दोरा, दोनदा मागे घेतलेला,
शेवटी जरा डावीकडे.

उल्हासनगरच्या कारखान्यात,
गेल्या दिवाळीपर्यंत,
असा टाका मी एकटीच घालायचे.
मुकादम ओरडायचा, दोरा फुकट जातो.

"काय मग? खोटी?"

लेबल खोटं आहे, म्हटलं.
खिसा फाटायचा नाही.
बोल, लांबी किती कमी करू?