फक्त पाणी

"ऐला, आज कॉफी नाही," शिष्टाचार विभागाचे साहेब म्हणाले,
"फक्त पाणी. तेही साधं, बुडबुड्यांचं नको."

बावीस वर्षं झाली मला हेलसिंकीच्या या परराष्ट्र खात्यात.
राजे आले, युद्धं हरून आलेले आले,
कॉफी कुणाची कधी थांबली नव्हती.
आमच्याकडे मयताच्या घरीसुद्धा आधी किटली चढते.
म्हणजे प्रकरण मोठं असणार.

फाइल टेबलावर उघडीच होती.
यादविगा सावित्स्काया, ग्रोदना, भूगोलाच्या बाई.
गुन्हा: शाळेच्या अंगणात उभं राहून
बेपत्ता पोरांची हजेरी घेतली.
एकेक नाव घ्यायचं, "हजर" येईल म्हणून थांबायचं,
मग पुढचं.
बाराव्या नावाला गाडी आली.

राजदूत आले. गालिच्यावर ओल्या बुटांचा माग.
मी पेला ठेवला.
त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग जिथं कपबशी असायला हवी होती तिथं.
कळलं त्यांना. असल्या गोष्टी त्यांना लगेच कळतात.
अकरा मिनिटं.
दाराआडून एकदाही आवाज चढला नाही.

मग निवेदनावर दीड तास.
'निषेध' खोडला, 'चिंता' लिहिलं,
कुणाला तरी लाज वाटली, म्हणून अलीकडे 'तीव्र' बसवलं,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचंही 'गंभीर' झालं.
साप मरावा, काठी मोडू नये,
आणि काठीचं लाकूड तर त्यांच्याच जंगलातलं.
यादविगाचं आडनाव एका अक्षरानं चुकलं होतं.
मी बोलले नाही. मी कपांची बाई.

संध्याकाळी फाटकाशी तिची आई,
तालिनच्या बोटीनं आलेली, भुवयांवर बर्फ.
माझी आजी इंग्रियाची, म्हणून मला रशियन येते,
स्वयंपाकघरापुरती.
"काय केलं त्यांनी?" तिनं विचारलं.
मी शब्द शोधले. होते तेवढेच:
"पाणी दिलं त्याला. फक्त पाणी."
तिनं बराच वेळ विचार केला.
"तिलाही देतात," म्हणाली. "दिवसाला दोन पेले."

मग पिशवीतून मोजे काढले, राखाडी, हातानं विणलेले,
तुरुंगाच्या खिडकीतून परत आलेले.
"तुमच्या साहेबांकडून पोचतील का?"
नाही म्हणायचा शब्द मला येत होता.
मी मोजे घेतले.

मार्चात राजदूत पुन्हा आले, लाकूडवाल्यांसोबत.
चौदा कप, दोन किटल्या, आणि कोर्वापूस्ती,
दालचिनीचे आमचे गोल पाव.
त्या नावाचा अर्थ होतो कानाखाली वाजवलेली.
त्यांनी दोन खाल्ल्या. वेलदोड्याचं कौतुक केलं.
बोटं चिकट झाली म्हणून रुमाल मागितला.

रुमालांच्या कपाटात हात घातला
तर आधी लोकर लागली.