पावणेअकराची फेरी

कुणी विचारलं तर सांगतो मी,
मांडवीत होतो.
ना जुन्या गोव्याला, ना दिवाडीला,
पावणेअकराच्या फेरीबोटीवर, कठड्याला टेकून.

बोटीत एक स्कूटर, दोन सायकली,
अपोलीनच्या पाटीत उरलेले बांगडे,
आणि लग्नघरचा एक माणूस, मांडीवर
वर्तमानपत्रात गुंडाळलेला आरसा घेऊन.
कालचं वर्तमानपत्र. त्यात काही नव्हतं.

मागच्या धक्क्यावर रेडिओ लावला कुणी
तेव्हा आम्ही सुटलो होतो.
पुढे, चर्चजवळच्या दुकानात फोन वाजला
तेव्हा आम्ही पोचलो नव्हतो.
पाच मिनिटं, फार तर सात,
साऱ्या मुलखात आम्हीच काय ते अकराजण
कालच्या जगात उभे,
बांगड्याच्या भावावरून हसत.

कायतानने दोर फेकला.
धक्क्यावरच्या पोराने तो झेलला नाही.
दोर पाण्यात पडला.
कायतानने ओढून परत फेकला, वर एक शिवी,
पोरगा उलटून बोलला नाही,
तेव्हा कुठे आम्ही त्याच्या तोंडाकडे बघितलं.

पुढे काय कळलं, कोण काय म्हणालं,
नीट आठवत नाही.
बातमीचं काय, ती सगळ्यांचीच आहे,
शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे.
माझ्याकडे आहे तो दोर,
फळीवर टपटपणारा, चिखलाच्या वासाचा.
आणि अपोलीन: न मोजता
ज्याच्या त्याच्या पिशवीत बांगडे टाकत सुटलेली,
"आयज कोण घेतलो?"

माझी बहीण कुमुद म्हणते, थापा.
तुला गालफुगी झाली होती त्या दिवशी,
माजघरात पडून होतास, गळ्याला गेरू लावून.
रेडिओ मी ऐकला, धावत मी आले,
आणि तू विचारलंस, "मग उद्या शाळा नाही ना?"

असेल.
गेरूचा गारवा मलाही आठवतो,
डाव्या कानाखाली.
मग बोटीवर कोण होतं?
तो लग्नघरचा माणूस कागद जरा सारून
आरशात स्वतःचे दात बघत होता,
हे मला कुणी सांगितलं?

कायतान गेला.
अपोलीन लेकीकडे, पोर्तुगालात.
राहिला तो पोरगा. आता धक्क्यावर
त्याचं चहाचं दुकान आहे, डोक्याला टक्कल.
परवा विचारलं त्याला.
पेला विसळत म्हणाला,
"दोर? मी तर म्हापशाला होतो.
शुक्रवारच्या बाजारात. अगदी काल घडल्यासारखं आठवतं."

शुक्रवार नव्हता तो.
मी बोललो नाही.
चहात साखर जास्त होती.
बाहेर बोट लागत होती, कुणीतरी दोर फेकला,
आणि आम्ही दोघांनीही
बोलणं सोडून तिकडे बघितलं.