अजून नाही

नेमुनासचं पाणी कुरणावर चढलंय.
विन्त्सासनं बर्चच्या खोडात नळी ठोकली,
खाली काकडीच्या लोणच्याची बरणी,
धुतली तरी शेपूचा वास धरून बसलेली.
टप्‌.
मग बराच वेळ काहीच नाही.

मी विचारलं, ह्या दिवसांना ‘पावासारिस’च म्हणता ना?
त्यानं बोट ओठांवर ठेवलं.
करकोचा घरट्यात उतरल्याशिवाय
तो शब्द तोंडातून काढायचा नाही.
स्कायद्रानं फेब्रुवारीत काढला होता,
पुढे तीन आठवडे बर्फ.
अजून ऐकून घेते बिचारी.

‘वासारा’ म्हणजे उन्हाळा. आधीचा ‘पा’
त्याला जरा अलीकडे थांबवतो,
ओल्या चपला हातात घेऊन, उंबऱ्याशी.
माझ्या कानात उगाच वासरू हंबरतं.
ते नातं खोटं. खरं वसंताशी:
एकाच चुलीचे दोघे,
वाटण्या कधी झाल्या
कोणालाच आठवत नाही.

‘तुमच्याकडे काय म्हणतात?’
मी तोंड उघडतो.
विन्त्सास घाईघाईनं बरणी पुढे करतो,
आधी हे पी.

थंड. जेमतेम गोड.
तळाशी शेपू.