फोन कसा आहे, असं विचारलंत म्हणून

मोघेबाई, तुम्ही जिन्यात विचारलंत, नवा फोन कसा आहे,
तेव्हा माझ्या हातात दळणाचा डबा होता,
म्हणून नुसतं 'बरा आहे' म्हणाले.
बरा आहे हे काही उत्तर नव्हे,
पेन्शनीतून सात हजार चारशे काढणाऱ्या बाईला तर नाहीच.

तर ऐका.
जेल रोडवर घेतला, छाबडियाच्या दुकानात.
काच पुसता पुसता पोरगा म्हणाला,
"आंटी, आँख बंद करके ले जाओ."
मी चष्मा लावून घेतला.

बॅटरीला नाव ठेवायला जागा नाही.
सोमवारी भरली की बुधवारच्या पोळ्या होईपर्यंत पुरते.
आवाज मोठा, पण फाटका.
देवासहून कोणी 'हॅलो' म्हटलं
तर खालचे रेगे 'कोण?' विचारतात.
खाजगी बोलायचं तर गच्चीवर जायचं,
तिथे रेंज नाही.

चौसष्ट म्हणून जी जागा सांगितली
तिच्यातली वीस त्यानं आधीच खाल्लेली.
उरलेल्यात भिशीतल्या बायकांची सकाळची फुलं.

नकाशा वेंधळा आहे.
रामबागेतलं आपलं घर
तो खान नदीच्या ऐन मधोमध दाखवतो.
गॅसवाला पुलावरून फोन करतो,
"मॅडम, यहाँ तो नाला है."
मी म्हणते, थोडं डावीकडे. तीस वर्षं थोडं डावीकडेच आहे.

आणि ळ.
ळ सापडायला मला दोन दिवस लागले.
ल दाबून धरायचा, धरूनच ठेवायचा,
मग तो आतून वर येतो, विहिरीतल्या बादलीसारखा.
तोवर मी 'पोली' लिहिलं, 'कालजी' लिहिलं,
'आहे' लिहिलं की तो हळूच 'है' करून ठेवायचा,
इथे जन्मलेल्या आमच्या भाच्यांसारखा.

कॅमेरा उन्हात चांगला.
दिवे लागले की आकाशकंदिलाचं दही.
आणि माणसाला गोरं करतो, न विचारता.
माझ्या हनुवटीवरचा कांजण्यांचा वण तुम्ही पाहिलाय,
तो त्याला दिसतच नाही.
त्या वणावरूनच तर आम्हा दोघींना
शाळेत ओळखायचे. मी वणवाली, निरुपमा बिनवणाची.

निरुपमा गेल्या महिन्यात आली.
पाटल्यांवरून आमचं तीन वर्षं बंद होतं, तुम्हाला ठाऊक आहे,
सगळ्या रामबागेला ठाऊक आहे.
मी चहा ठेवायला आत गेले.
तिनं वेळ बघायला म्हणून फोन उचलला
आणि तो उघडला.
तिच्या चेहऱ्यानं. कुलूपबिलूप काही न विचारता.

छाबडियाचा पोरगा म्हणाला, सस्ता है ना आंटी,
ये तो बस फोटो मिलाता है,
महागवाला चेहऱ्याची खोली मोजतो.
मोठा दोष आहे म्हणाला. नंबर डालके रखो.

उघडला तेव्हा समोर काय होतं सांगू?
तिलाच लिहायला घेतलेलं, न पाठवलेलं,
'निरू, तुझी फार कालजी वाटते'.
त्या दिवसापर्यंत ळ सापडला नव्हता.

तिनं वाचलं की नाही, कोण जाणे.
मी कप घेऊन आले तेव्हा फोन टेबलावर पालथा होता
आणि ती विचारत होती,
साखर अजून त्याच डब्यात ठेवतेस का?

तर मोघेबाई, घ्यायचा असेल तर घ्या.
कव्हर मात्र तिथून घेऊ नका, दुप्पट लावतो.
काचेला पापुद्रा लावून घ्या, ओट्यावरून एकदा तरी पडतोच.
घरी आणल्या आणल्या नंबर टाकून ठेवा,
पोरगा म्हणतो ते खरं आहे.

मी अजून टाकलेला नाही.